न मागता दारात येणारा अंक

विकत आणलेलं मासिक माणूस निदान चाळतो, कारण त्यात त्याचे पैसे गेलेले असतात. वर्गणीदार तर अंकाला दोन दिवस उशीर झाला की फोन करतो. फुकट येणाऱ्या अंकाची कोणी वाट पाहत नसतं. सकाळी दाराच्या कडीतून वर्तमानपत्र ओढलं की त्याच्याबरोबर क्लासचं पत्रक, नव्या हॉटेलचं पत्रक आणि आपला अंक एकदमच हातात येतात. त्यातलं काय टेबलावर जायचं आणि काय सरळ रद्दीच्या गठ्ठ्यावर, याचा निकाल चहा उकळेपर्यंत लागलेला असतो.

घर आणि बाग या विषयाला वाहिलेल्या अशा एका विनामूल्य मासिकाचं संपादन मी पुण्यात बरीच वर्षं केलं. कोथरूड, कर्वेनगर, वारजे आणि नदीपलीकडे सिंहगड रस्त्याच्या सोसायट्या हा आमचा मुलूख. वर्तमानपत्रांत काम करणारे माझे स्नेही या कामाला ‘जाहिरातींच्या मधली जागा भरणं’ म्हणत. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ज्यानं पैसे मोजले त्याच्याशी आपला व्यवहार झालेला असतो. ज्यानं मागितलंच नाही त्याच्या घरात आपण आपल्या गरजेनं शिरतो. म्हणून त्याच्या हाती पडणारी ओळ खरी आणि त्याच्या उपयोगाची असली पाहिजे, ही जबाबदारी सगळी आपली.

जाहिरातीच्या पोटी जन्मलं म्हणून मासिक हलकं ठरत नाही. ‘किर्लोस्कर खबर’ १९२० साली निघालं ते नांगर बनवणाऱ्या कारखान्याचं गृहपत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या हाताखाली त्याचं पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांनी ते आवडीनं वाचलं. आमचा आवाका फार लहान, पण हे उदाहरण मला कायम धीर देत आलं.

आमचा अंक ३२ पानांचा, म्हणजे १६ पानांचे दोन फर्मे. पान वाढवायचं तर फर्म्याच्या हिशोबानं, सुटी दोन-तीन पानं वाढत नाहीत. मलपृष्ठ आणि कव्हरची आतली पानं आधी विकली जायची, मग पूर्ण पानं, अर्धी पानं, पट्ट्या. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी या सणांना किचन ट्रॉल्या, पडदे, रंग आणि बांधकाम व्यावसायिकांची गर्दी असे. मे महिन्यात गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्यांची रांग लागे. पितृपंधरवड्यात मात्र कोणी घर घेत नाही, सोफा घेत नाही, त्यामुळे जाहिराती आटत आणि मजकुराला भरपूर जागा मिळे. माझे सगळ्यात आवडते अंक त्या पंधरवड्यातले आहेत.

‘टपालानं का नाही पाठवत?’ असं लोक विचारायचे. टपालात वृत्तपत्रांना मिळणारी सवलत १८९८च्या टपाल कायद्यानं त्याच नियतकालिकाला दिली होती, ज्याच्या दोन अंकांत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतर नाही आणि ज्याला खरेखुरे वर्गणीदार आहेत. पहिली अट आम्ही पुरी करत होतो, दुसरी करणं शक्यच नव्हतं. पूर्ण दरानं तिकीट लावायचं तर एकेक अंक छपाईपेक्षा पोहोचवण्यात महाग पडला असता. त्यामुळे आमचा सगळा डोलारा वृत्तपत्र विक्रेत्यांवर उभा होता.

पहाटे चारच्या सुमाराला बंद दुकानांच्या पायऱ्यांवर त्यांची सेंटरं भरतात. गाडी येते, गठ्ठे सुटतात आणि पुरवण्या भरण्याचं काम सुरू होतं. अंक छापून आला की पहिली पहाट मी तिथे काढायची, कारण आपलं लिखाण कोणाच्या हातून, कशा स्थितीत घरापर्यंत जातं हे संपादकाला ठाऊक असलं पाहिजे असं मला वाटतं. तिथल्या एका ज्येष्ठ विक्रेत्यानं मला या धंद्याची अक्षरं गिरवायला लावली. ‘ताई, रविवारी देऊ नका. रविवारचा पेपरच जड असतो, पोरं तुमचा अंक मधेच गाळतील.’ मग आम्ही आठवड्याचा हलका वार धरला. ‘पावसाळ्यात पिशवीतून द्या, नाहीतर आर्ट पेपरची पानं एकमेकांना चिकटतात.’ मग जून ते सप्टेंबरच्या बजेटमध्ये पिशव्यांचा खर्च आला.

त्यांची सर्वांत मोलाची सूचना बंद घरांबद्दल होती. कोण मुलाकडे अमेरिकेला गेलंय, कोणाचा फ्लॅट नुसताच घेऊन ठेवलाय, हे विक्रेत्याला सोसायटीच्या सेक्रेटरीपेक्षा आधी कळतं, कारण पेपर बंद करायला त्यालाच सांगतात. पेपर बंद होतो, पण फुकटचा अंक मात्र येऊन पडत राहतो. बंद दारासमोर साचलेले अंक म्हणजे घरात कोणी नाही याची जाहीर पाटी. चोराला आणखी काय हवं? तेव्हापासून दर महिन्याला विक्रेत्यांकडून बंद घरांची यादी घ्यायची आणि त्या दारांत अंक टाकायचा नाही, हा आमचा नियम झाला. त्याच सुमाराला दुसऱ्या पानावर एक चौकट कायमची आली: अंक नको असेल तर या क्रमांकावर कळवा, पुढच्या महिन्यापासून येणार नाही. मासिकाच्या मालकांना धाकधूक होती की सगळेच ‘नको’ म्हणाले तर जाहिरातदारांना काय सांगायचं. तसं झालं नाही. उलट त्या क्रमांकावर ‘या महिन्यात अंक आला नाही’ असं सांगणारे फोन येऊ लागले.

जिथे विक्रेत्याची मुलं वरपर्यंत जात नाहीत अशा मोठ्या सोसायट्यांत गठ्ठा वॉचमनच्या केबिनमध्ये राहायचा. फाटकावर ‘विक्रेत्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असली तरी केबिनमधला माणूस आमचा होता, कारण तोच आमचा पहिला वाचक होता. कर्वेनगरच्या एका सोसायटीतले रात्रपाळीचे वॉचमन मूळचे लातूरकडचे, कोरडवाहू शेती करून आलेले. त्यांनी कंपाउंडच्या तारेवर वाल चढवला होता आणि शेंगा सोसायटीतल्या बायका हक्कानं तोडून न्यायच्या. बागेची पानं ते रात्री सावकाश वाचत. एकदा मला म्हणाले, ‘मॅडम, कुंडी वरून कोरडी दिसते, खाली वलीच असती. लोकं बघून पाणी घालतात. त्यांना बोट घालून बघायला सांगा.’ बोट दोन पेरं मातीत घालायचं, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नाही, हा सल्ला आम्ही पुढे जवळजवळ प्रत्येक अंकात कुठे ना कुठे दिला. घरातली कुंडीतली झाडं मरतात ती बहुतेक तहानेनं नव्हे, मुळं कुजून. पावसाळ्यात अडेनियमचा फुगलेला बुंधा हाताला मऊ लागला की समजावं, पाणी जास्त झालं.

बागकामावरचा मजकूर जगात हवा तेवढा मिळतो, पण तो बहुधा दुसऱ्या आकाशाखालचा असतो. वसंत आला की बी पेरा, दक्षिणेच्या खिडकीत कुंडी ठेवा, हे सल्ले ज्या देशांत लिहिले गेले तिथे ते बरोबर आहेत. पुण्यात मार्च-एप्रिलमध्ये कोवळी रोपं लावली तर ती करपतात. आमच्याकडे पेरणीचे मुहूर्त दोनच: मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर आणि मग पावसाळा सरताना. आणि दिशांचं गणित तर सगळंच वेगळं.

या दिशांच्या विषयावर आम्ही सगळ्यात जास्त मेहनत घेतली. पुणे साधारण १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात, आणि जुलैच्या अखेरीला पुन्हा एकदा येतो. मधल्या काळात तो डोक्याच्या थोडा उत्तरेकडून जातो, उगवतो आणि मावळतोही उत्तरेकडे सरकून. म्हणजे ज्या उत्तरेच्या बाल्कनीत हिवाळाभर उन्हाचा कवडसा येत नाही, तिथे ऐन मे महिन्यात सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं आणि सावलीत सुखानं वाढलेल्या नेच्यांची पानं भाजतात. दक्षिणेच्या बाल्कनीत डिसेंबरात ऊन थेट हॉलच्या फरशीपर्यंत पोहोचतं, आणि मेमध्ये तीच बाल्कनी सावलीत असते. पूर्वेकडे सकाळचं सौम्य ऊन, तिथे तुळस, पुदिना, मिरची खूष. पश्चिमेला एप्रिलची दुपार म्हणजे भट्टी, तिथे बोगनवेल, सदाफुली आणि अडेनियमच टिकाव धरणार.

हे सगळं चार दिशा आणि बारा महिने असा तक्ता करून आम्ही मधल्या जोडपानावर छापलं. पिन काढली की तक्ता सुटा होईल अशी त्याची जागा मुद्दाम निवडली. पुढे कितीतरी घरांत तो फ्रिजवर आणि कपाटाच्या दारामागे चिकटवलेला मी पाहिला. ‘आमची बाल्कनी नैऋत्येला आहे, मग आम्ही काय बघायचं?’ असे फोन महिनोन्महिने येत राहिले. एका आजींनी सांगितलं की चाळीस वर्षं त्यांची आणि यजमानांची एका मोगऱ्यावरून वादावादी चालली होती. कुंडी कुठे ठेवायची यावर एकमत नव्हतं, आणि ऋतुमानानुसार दोघांचंही बरोबर निघालं. त्यांना मी आणखी एवढंच सांगितलं की जानेवारीच्या अखेरीला मोगऱ्याचं पाणी तोडा, फांद्या छाटा, पानं काढा, मग शेणखत घालून पाणी सुरू करा. मार्चमध्ये त्यांचा फोन आला, नुसता ‘फुललाय’ हे सांगायला.

जाहिरात आणि मजकूर यांची टक्कर होणारच होती, आणि ती गच्चीवर झाली. गच्चीवर हिरवळ करून देणाऱ्या एका व्यावसायिकानं वर्षभराचं पूर्ण पान घेतलं होतं. पावसाळ्याआधी त्यानं एक लेखही पाठवला. जुन्या इमारतीच्या गच्चीवर फूटभर माती टाकून लॉन, मधे छोटी झाडं, फोटो अतिशय देखणे. मी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे गेले. त्यांनी पेन्सिलीनं हिशोब मांडून दिला. एक चौरस मीटर जागेवर फूटभर ओली माती म्हणजे साधारण ५०० किलो. वापरातल्या गच्चीसाठी भारतीय मानक ८७५ मध्ये माणसांच्या वावराचा जो भार धरतात, तो चौरस मीटरला दीडशे किलोच्या आसपास. ज्या स्लॅबची रचना करताना बागेचा विचारच झालेला नाही, त्यावर हे ओझं कोणाच्या भरवशावर टाकायचं? शिवाय मातीखाली ब्रिकबॅट कोब्याला तडा असेल तर गळती सुरू होईपर्यंत तो दिसणारही नाही.

मालक मूळचे रंगाच्या दुकानातले, घरं आतून-बाहेरून ओळखणारे. त्यांच्यासमोर मी लेख आणि हिशोबाचा कागद शेजारी शेजारी ठेवला. त्यांनी बराच वेळ दोन्ही वाचलं आणि एकच प्रश्न विचारला, ‘आकडे पक्के?’ पक्के होते. लेख परत गेला, हिशोबाची चौकट अंकात आली आणि ती जाहिरात बंद झाली. त्या वर्षी कागदाची प्रत उतरवून आम्ही खड्डा भरून काढला. पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक टाकायचा, हाही नियम तेव्हाच ठरला. या निर्णयाबद्दल मालकांविषयी मला आजही आदर आहे. पगार देणारा माणूस असा उभा राहिला नाही, तर संपादकाच्या तत्त्वांना फारसा अर्थ उरत नाही.

पण नुसतं ‘करू नका’ सांगून भागत नाही. ज्याला गच्चीवर भाजी लावायची हौस आहे त्याला वाट दाखवावी लागते, आणि ती महाराष्ट्रात आधीच मळलेली होती. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर पेशानं गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’मधून शेतकऱ्यांना आणि शहरातल्या घरांनाही पालापाचोळ्यातून माती घडवायला शिकवलं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा वापरून फळझाडं आणि भाज्या वाढवल्या. या सगळ्याचं मर्म एकच: माती कमी, सेंद्रिय पदार्थ जास्त, म्हणून वजन हलकं. पुण्यात यासाठी रसवंतीगृहासारखी जागा नाही. उन्हाळ्यात उसाच्या चिपाडाचे ढीग पडलेले असतात आणि मागितलं तर बहुतेक जण आनंदानं देतात. तळाला चिपाड आणि नारळाच्या शेंड्या, वर वाळलेली पानं, त्यावर मूठ-मूठ माती आणि स्वयंपाकघरातला हिरवा कचरा. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली, सुका पाचोळा वाढवायचा. शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या गावकऱ्यांनी नाकाशी घेतला, तेव्हा आपली भाजीची देठं आपल्याच गच्चीवर जिरवणं हे शेजारधर्मात बसतं, असं मी स्पष्ट लिहिलं होतं.

घराची पानंही होती, आणि ती मी दुय्यम मानली नाहीत. पडद्यांचे रंग दर वर्षी बदलतात, त्याबद्दल मला फार सांगायचं नसे. पण वाळवी, ओल, खिडकीच्या वरच्या छज्ज्याची पागोळी, गॅसच्या नळीची मुदत, कुंडीखालच्या ताटलीतलं पाणी, हे विषय आम्ही पुन्हा पुन्हा घेतले. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणून आठवड्याला एकदा ताटल्या उपड्या करून कोरड्या करायच्या, ही ओळ जुलैच्या अंकात दर वर्षी असे. कंटाळा येईल या भीतीनं आवश्यक गोष्ट एकदाच सांगून थांबू नये. महिन्याच्या अंकाला दर महिन्याला कोणीतरी नवा वाचक मिळतो.

मग २०२० आलं, करोना आला. एप्रिलमध्ये राज्य सरकारनं घरोघर वर्तमानपत्रं आणि मासिकं टाकण्यावर बंदी घातली, काही दिवसांनी ती शिथिल केली, पण मुंबई-पुण्यात चालूच ठेवली. सेंटरवरची मुलं गावी गेली, ज्येष्ठ विक्रेते घरात बसले. आमच्याकडे छापायला जाहिराती नव्हत्या, छापलं असतं तर पोहोचवायला माणूस नव्हता. कार्यालयाचा फोन माझ्या मोबाइलवर वळवला होता आणि तो मात्र सारखा वाजत होता. नर्सऱ्या बंद, बी-बियाणं कुठून आणायचं? फोन करणाऱ्यांना मी स्वयंपाकघरातल्या डब्यांकडे वळवलं. मेथीदाणे रात्रभर भिजवा. धणे हलके रगडून दोन फाकी करा, एप्रिलच्या उन्हात ते उगवायला त्रास देतात, म्हणून सावलीत ठेवा. लसणाच्या पाकळ्या पातीसाठी खोवा, मोहरी पेरून कोवळी पानं खा. त्या फोनांमधून मला कळलं की पैसे न देणारा वाचक आपल्याला विसरत नाही. फक्त त्यानं आपल्याला आठवावं असं काही आपण आधी दिलेलं असावं लागतं.

अंक पुन्हा निघाला तेव्हा कागद महागला होता आणि एक फर्मा कमी झाला होता. १६ पानांत काय ठेवायचं यावर मालकांशी मोठी चर्चा झाली. सजावटीची चित्रं लोक आता फोनवर बघतात, पण आपल्या गल्लीतली ओल आणि ऊन फोनवर मिळत नाही, या मुद्द्यावर आमचं जमलं. बाग आणि दुरुस्ती राहिली.

आता संपादन एका तरुण मुलीकडे आहे, मी बागेचं पान लिहिते. सध्या आमच्या मुलखातला सगळ्यात मोठा विषय पुनर्विकास हा आहे. कोथरूड-कर्वेनगरच्या जुन्या तीन मजली इमारती पाडून तिथे दहा-बारा मजले उभे राहताहेत. त्या जुन्या सोसायट्यांच्या आवारात आंबे आहेत, सोनचाफे आहेत, कोणीतरी मुलीच्या लग्नाच्या वर्षी लावलेला नारळ आहे. बांधकाम व्यावसायिकांमुळे अंकाला जाहिराती भरपूर मिळतात, आणि त्याच सोसायट्यांमधून फोन येतात की आमच्या झाडांचं काय होणार. १९७५च्या राज्याच्या वृक्षसंवर्धन कायद्यानुसार झाड तोडायला किंवा हलवायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, नागरिकांना हरकत घेता येते, हे आम्ही जाहिरातींच्या शेजारीच छापतो. उंच इमारतींच्या सावलीमुळे तो जुना दिशांचा तक्ताही पुष्कळ ठिकाणी चुकतो. त्यामुळे शेजारच्या इमारतीची उंची धरून तो नव्यानं आखायचं काम आम्ही दोघी सध्या करत आहोत.

कुंड्यांचा प्रश्न मात्र लगेच सोडवता येण्यासारखा होता. नवी इमारत होईपर्यंत दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं तर गच्चीभर कुंड्या न्यायच्या कुठे? ज्यांच्या दारात जागा आहे आणि ज्यांना झाडं सांभाळायला द्यायची आहेत, अशा दोन्ही बाजूंच्या लोकांना नावं आमच्याकडे नोंदवायला आम्ही सांगितलं आणि विक्रेत्यांनी ती घरं एकमेकांशी जोडून द्यायला मदत केली. हलवायच्या आधी आठवडाभर पाणी कमी करा, फांद्या तिसऱ्या हिश्शानं छाटा, टेम्पो शक्यतो संध्याकाळी बोलवा, नव्या जागी पंधरा दिवस थेट उन्हात ठेवू नका आणि कुंडीवर झाडाचं नाव, शेवटची छाटणी आणि आपला फोन नंबर लिहून द्या. नोंदणीचा हा उपक्रम अजून चालू आहे. या महिन्यात देणारे जास्त आणि घेणारे कमी आहेत, म्हणून पुढच्या अंकात घेणाऱ्यांसाठीची चौकट पहिल्या पानावर येते आहे.